कुंपणातले शब्द, वाटेवरचे शब्द

पुण्यात रविवारी पहाटे घराबाहेर पडलेल्यांना कुठे निघालात असं विचारलं, तर उत्तरं वेगवेगळी येतात. कोणी सारसबागेत जात असतं, कोणी संभाजी पार्कात, कोणी टेकडीवर, कोणी सिंहगडाला. महापालिकेच्या पाटीवर ‘उद्यान’ लिहिलेलं असतं, पण बोलण्यात तो शब्द क्वचितच येतो. मोकळी हवा, चार झाडं आणि पायांना थोडं काम, एवढंच सगळ्यांना हवं असतं. तरीही प्रत्येक ठिकाणाला शब्द वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणाला कारणं आहेत. या शब्दांची मुळं शोधत गेलं की त्यांचे दोन गट पडतात. एका गटाच्या मुळाशी कुंपण आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पाऊल. शहराभोवतीच्या हिरव्या जागांचं काय करायचं, यावर आज जे वाद होतात, ते समजायला हे दोन गट फार उपयोगी पडतात.

आधी कुंपणाकडचे शब्द पाहू.

‘बाग’ फारसीतून आला. फारसीत नामांना लिंग नसतं. हिंदीने या शब्दाला पुल्लिंगी केलं, मराठीने बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. मुंबईत मात्र ‘राणीची बाग’ आणि ‘राणीचा बाग’ अशी दोन्ही रूपं आजही कानावर पडतात. प्राचीन इराणी भाषांमध्ये ‘हिस्सा, वाटा’ अशा अर्थाचा जो शब्द होता, त्याच्याशी अभ्यासक ‘बाग’चं नातं जोडतात. तसं पाहिलं तर संस्कृत ‘भाग’ आणि फारसी ‘बाग’ ही एकाच घरातली भावंडं. मोजून, तोडून, वेगळा काढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बाग. त्यालाच लहानपणा दाखवणारा ‘चा’ प्रत्यय फारसीत लागला आणि ‘बगीचा’ तयार झाला.

नुसत्या तुकड्याने बाग होत नाही, पाणी लागतं. हे मराठीने एका शेतीच्या शब्दात नेमकं जपलं आहे. पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरची जमीन ती बागायत, आणि पावसावरची ती जिरायत. ‘जिरायत’ हा अरबी ‘जिराअत’, म्हणजे शेती, यावरून आलेला. बागायतीत फुलझाडं असोत वा ऊस, तिला ‘बाग’पण येतं ते पाण्यामुळे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून पुण्यात पाणी आणलं आणि हौद बांधले, त्या काळातच पुण्यात बागाही उभ्या राहिल्या, हे या शब्दाच्या स्वभावाला धरूनच आहे. हौद हाही अरबी शब्द. बाग आणि हौद आपल्या भाषेत जोडीने नांदले.

या बागांपैकी कितीतरी आता फक्त नावापुरत्या उरल्या आहेत. तुळशीबागेत रामाचं देऊळ आहे, आणि भोवती भांड्यांची, बांगड्यांची, खोट्या दागिन्यांची दुकानं. बेलबागेत नाना फडणविसांनी बांधलेलं विष्णूचं मंदिर आहे. हिराबाग, मोतीबाग, विश्रामबाग, रमणबाग ही आज पत्ते सांगायची नावं आहेत. सारसबागेचं नशीब वेगळं. तिथे पर्वती टेकडीच्या पायथ्याचा तलाव होता आणि तलावातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये, गणपतीचं देऊळ झालं. पाणी हटलं, हिरवळ आली, तरी पुणेकर त्या देवाला अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. जमिनीवर जे राहिलं नाही ते नावात राहिलं. शहराचा जुना नकाशा हरवला तरी नावांवरून तो बराचसा पुन्हा काढता येतो.

कुंपणाची कल्पना आणखी मागे नेणारा एक शब्द पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला आहे, ‘पइरिदएज’. यातला ‘पइरि’ म्हणजे आपला ‘परि’, सभोवार. ‘दएज’ म्हणजे चिखल लिंपून, थापून उभारलेली भिंत. हा दुसरा भाग संस्कृत ‘दिह्’ या लिंपणे अर्थाच्या धातूचा नातलग आहे, आणि आपला ‘देह’ही त्याच धातूवरून झालेला. भिंतीने वेढलेल्या या राजबागेचा शब्द ग्रीकांनी उचलला, तो युरोपच्या भाषांमध्ये ‘स्वर्ग’ या अर्थाने स्थिरावला, आणि इकडे अरबी-फारसीत तोच ‘फिर्दौस’ झाला. रखरखीत प्रदेशातल्या माणसांना भिंतीआडचं पाणी आणि सावली हाच स्वर्ग वाटला, यात काही नवल नाही.

इंग्रजीतून आलेले आपले दोन शब्दही याच गटातले. ‘गार्डन’च्या मुळाशी जर्मानिक भाषांमधला कुंपणाचा शब्द आहे. ‘पार्क’ म्हणजे मुळात शिकारीसाठी राखलेलं, वेढा घातलेलं रान. या अर्थाचा आपला जुना शब्द आहे ‘रमणा’. राजाच्या मौजेसाठी राखलेल्या कुरणाला, शिकारीच्या रानाला रमणा म्हणत. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणातली दक्षिणा वाटली जाई. म्हणजे ‘पार्क’ला मराठी शब्द हवा असता तर ‘रमणा’ हाताशी होता. पण तोवर तो मागे पडला होता, आणि नव्या पाट्यांवर संस्कृत शब्द चढला.

पुण्याच्या बंड गार्डनमधला ‘बंड’ बंडखोरीचा नाही. तो फारसी ‘बंद’, म्हणजे बांध. मुळा-मुठेवर बांध घातला, त्याच्या काठची बाग ती बंड गार्डन. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध’ सख्खे, आणि ‘बंध’वरूनच आपला ‘बांध’ आला. तेव्हा बंड गार्डनला ‘बांधबाग’ म्हटलं असतं तर शब्द नुसता स्वगृही परतला असता.

कुंपणाचा अस्सल देशी शब्द आहे ‘वाडी’. संस्कृत ‘वाट’ म्हणजे वेढा, कुंपण घातलेली जागा. त्यावरून वाड, वाडा आणि ‘वाटिके’वरून वाडी. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला आजही वाडी म्हणतात, आणि तिथे गेलेला माणूस ‘वाडीत’ शिंपणं करत असतो. घाटावर याच शब्दाचा अर्थ लहान वस्ती असा झाला. गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी अशी नावं आहेत. झाडं गेली आणि चाळी आल्या, तरी वाडी राहिली. पुण्याच्या तुळशीबागेचं आणि मुंबईच्या फणसवाडीचं दैव एकच.

आता ‘उद्यान’. पाटीवरचा हा शब्द अनेकांना कोरडा, सरकारी वाटतो. त्याची फोड केली तर मात्र तो सगळ्यांत चालता शब्द निघतो. उद् म्हणजे बाहेर, वर; ‘या’ धातू म्हणजे जाणे. उद्यान म्हणजे मुळात बाहेर जाणं, निघणं. मग जिथे जायचं त्या जागेला तेच नाव मिळालं. नगराच्या वेशीबाहेर फिरायला जायची जागा, ती उद्यान. संस्कृत नाटकांमधली माणसं नगरातून निघून उद्यानात जातात, ती याच अर्थाने. या शब्दात ना पाणी आहे, ना भिंत. तो घराच्या उंबऱ्याकडून रानाच्या दिशेने पाहणारा शब्द आहे. म्हणून ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ हे नाव मला खटकत नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, बिबट्यांचं, मुंबईला चिकटून असलेलं ते रान आहे आणि मुंबईकर घराबाहेर पडून तिथे जातो. त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. ‘कृष्णगिरी’, त्याचं प्राकृत ‘कण्हगिरी’ आणि मग ‘कान्हेरी’, असा त्या नावाचा प्रवास. काळ्या खडकाचा डोंगर हे दोन हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण त्या नावात अजून शाबूत आहे.

‘उद्यान’चा सोबती ‘आराम’. मराठीत आराम म्हणजे विसावा, आणि या अर्थाने तो फारसीतून आला. पण संस्कृतातही ‘आराम’ आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे मन रमवणारी बाग. बौद्ध भिक्खूंच्या निवासाला ‘संघाराम’ म्हणत, ते अशा बागांमुळेच. दोन्ही आराम ‘रम्’ या एकाच प्राचीन धातूचे. एका भाषेने त्यातला निवांतपणा घेतला, दुसरीने आनंद. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसलेल्या आजोबांना दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

आता कुंपण ओलांडून वाटेवर येऊ.

मराठी ‘वाट’ हा कुंपणवाचक संस्कृत ‘वाट’पासून झालेला नाही. तो आला ‘वर्त्मन्’पासून. वर्त्मन्, प्राकृतात वट्ट, मराठीत वाट. मुळाशी ‘वृत्’ धातू, म्हणजे वळणे, फिरणे. एकाच उच्चाराचे दोन शब्द. संस्कृतातला कोंडतो, मराठीतला सोडतो. वाट वळते, हे तिच्या मुळातच आहे. याच्या शेजारी ‘रस्ता’ ठेवून पाहावा. रस्ता फारसी, ‘रास्त’ म्हणजे सरळ यावरून आलेला. आपण ‘रास्त भाव’, ‘रास्त मागणी’ म्हणतो तोच हा रास्त. डोंगरात हा फरक पायांना कळतो. वाट उतार बघून वळसा घेते, पाण्याच्या ओघळाला बगल देते, झाडाच्या सावलीला जाते. रस्ता डोंगर फोडून सरळ जातो. टेकडीवर वाट असावी की रस्ता, हा पुण्यात गेली काही वर्षं गाजणारा प्रश्न आहे. त्यातल्या दोन नामांनी आपापली भूमिका केव्हाच सांगून ठेवली आहे.

तिसरा शब्द ‘मार्ग’. तो ‘मृग’शी बांधलेला आहे. मृग म्हणजे हरीण, त्याआधी कोणतंही रानातलं जनावर. ‘मार्ग’ म्हणजे जनावराचा माग. त्याच्या पावलांवरून शोध घेणं, ते ‘मृगया’. प्राकृतात मार्गाचा ‘मग्ग’ झाला आणि मराठीत ‘माग’. चोराचा माग काढणं, एखाद्याच्या मागे जाणं, आणि काही ‘मागणं’ हे सगळे एकाच कुळातले. मागणं म्हणजे मुळात शोधणं. आज ‘द्रुतगती मार्ग’ असं म्हणताना त्या शब्दाच्या आत एक हरीण चालत असतं. शिकाऱ्याची आणि गुराख्याची नजर जमिनीवर होती, म्हणून हे शब्द घडले.

वाटेचे प्रकार मराठीत मोजावे तितके थोडे. माणसांची पायवाट, गुरांची ढोरवाट, गर्दीपासून बाजूला जाणारी आडवाट, गुप्त ती चोरवाट. वाट दाखवणारा वाटाड्या, चालणारा वाटसरू. वापराने मिळालेला हक्क ती वहिवाट. हा शब्द तर कोर्टातही चालतो. ज्या वाटेवरून पुष्कळ पावलं गेली ती ‘मळलेली वाट’. इथला ‘मळणे’ म्हणजे घाण होणे नव्हे. तो ‘मृद्’ धातूचा, प्राकृतातला ‘मलइ’: तुडवणे, चुरणे, मर्दन करणे. कणीक मळतात आणि धान्याची मळणी होते, तोच हा शब्द. मळलेली वाट म्हणजे पावलांनी तिंबून घट्ट केलेली वाट. अनोळखी डोंगरात ‘मळलेली वाट सोडू नका’ असं गावकरी सांगतो, तेव्हा तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांवर विश्वास ठेवायला सांगत असतो.

इंग्रजीतून आलेल्या ‘ट्रेक’ आणि ‘ट्रेल’ यांची मुळं वेगळीच आहेत. ‘ट्रेक’ डच भाषेतून दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याचा अर्थ ओढणे; बैलगाड्यांमधून केलेल्या लांबच्या प्रवासाला तो लागला आणि तिथून इंग्रजीत आला. ‘ट्रेल’च्या मुळाशीही ओढणेच आहे, मागे फरफटत जाणारी खूण. दोन्ही शब्द आता मराठीचेच झालेत, त्यांना हाकलायचं कारण नाही. ‘रविवारी ट्रेक आहे’ हे वाक्य मराठी पोरांचं आहे. पण ट्रेकच्या आधी आपल्याकडे ‘गड करणे’ होतं. ‘आम्ही सिंहगड केला’ म्हणताना गड हा क्रियापदाचं कर्म होतो, अंगमेहनतीने पूर्ण करायचं एखादं काम असावं तसा. गोपाल नीलकंठ दांडेकरांनी आपल्या ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकासाठी ‘दुर्ग’ हा शब्द घेतला. दुर्ग म्हणजे जिथे जाणं कठीण. त्या शब्दातच चढण आहे.

डोंगराच्या शब्दांकडे आलो की मराठी खरी उलगडते. ‘डोंगर’ हा संस्कृतातून आलेला शब्द नाही. प्राकृतात तो ‘डुंगर’ आहे, गुजराती-राजस्थानीतही त्याची भावंडं आहेत. जमिनीवरच्या माणसांचा हा शब्द. मराठी लिंगाने आकार सांगते: टेकाड मोठं, टेकडी लहान, गड मोठा, गढी लहान. लाडाने लहान करायची ही सोय असल्यामुळेच की काय, पुणेकरांना डोंगराएवढ्या वेताळ टेकडीलाही ‘टेकडी’ म्हणायला आवडतं. ही शहराच्या हद्दीतली सगळ्यांत उंच टेकडी. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. वेताळ हा गावाबाहेर राहून गाव राखणारा देव. गोव्यात तोच ‘बेताळ’ होतो आणि तिथे त्याच्या मोठ्या मूर्ती पूजल्या जातात. पुण्यातल्याच दुसऱ्या टेकडीवरची देवी चतुःशृंगी, म्हणजे चार शिखरांची. या नावांवरून एवढं दिसतं, की टेकडी ही देवाच्या मालकीची, गावाबाहेरची, सगळ्यांना मोकळी अशी जागा होती.

डोंगराचे अवयव मराठीने माणसाच्या आणि जनावराच्या शरीरावरून बसवले. वर माथा, खाली पायथा. मध्ये कूस, पोट, खांदा. हत्तीच्या सोंडेसारखी उतरत आलेली डोंगररांग ती सोंड, मूळ ‘शुंडा’. अरुंद, दोन्ही बाजूंना उतार असलेली ती धार. काठीसारखी लांब गेलेली ती दांड. टोकदार उभा खडक तो सुळका. त्याचं नातं ‘सूळ’शी आणि दातातल्या सुळ्याशी. कडा आणि कड एकाच घरचे. जिथे जमीन संपते ती कड, आणि जिथे डोंगर एकदम संपतो तो कडा. डोंगराच्या अंगावर, कड्याखाली जी सपाट पट्टी फिरलेली असते तिला ‘पदर’ म्हणतात. भीमाशंकरच्या पोटातला पदरगड याच शब्दाचा. दोन कड्यांमधली अरुंद, चढी घळ ती नाळ किंवा नळी. हरिश्चंद्रगडाची ‘नळीची वाट’ ज्यांनी चढली आहे त्यांना हे नाव पायांनी पाठ झालेलं असतं. आरपार भोक पडलेला खडक म्हणजे नेढं, सुईच्या भोकाचा शब्द. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं प्रसिद्ध आहे. ‘माची’ स्वतः ‘मंच’वरून आलेली, मुख्य शिखराखालचा सपाट मंच. तिच्या वर तो बालेकिल्ला, आणि यातला ‘बाले’ म्हणजे फारसी ‘बाला’, वरचा. ‘बालाघाट’मध्येही तोच. वऱ्हाडात बालाघाट आणि पायनघाट अशी जोडी होती, वरचा प्रदेश आणि खालचा.

‘घाट’ तर जगभर गेलेला शब्द. संस्कृत ‘घट्ट’, मराठीत नदीवर उतरायच्या पायऱ्या तोही घाट, आणि डोंगर ओलांडायची वाट तोही घाट. बोरघाट, नाणेघाट ही ओलांडायची ठिकाणं होती. युरोपीय लोकांनी या वाटांची नावं ऐकली आणि सबंध पर्वतरांगेलाच ‘घाट’ म्हटलं. 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ही रांग गेली तीही ‘पश्चिम घाट’ याच नावाने. आपण तिला सह्याद्री म्हणतो. मराठी माणसाला घाट म्हणजे पर्वत नव्हे. घाट म्हणजे पर्वत ओलांडायची युक्ती.

हे सगळे शब्द कशासाठी घडले, ते गावातल्या वाटाड्याचं एक वाक्य ऐकलं की समजतं. तो सांगतो, ‘सोंडेनं चढा, पदरात आलात की उजव्या हाताला जावा, दुसरी नाळ सोडून तिसरी धरा, खिंडीतनं माथ्यावर निघाल.’ या वाक्यात संपूर्ण नकाशा आहे. यातला एकेक शब्द जमिनीचा आकार, उतार आणि धोका सांगतो. सोंड म्हटलं की दोन्ही बाजूंचा उतार समोर येतो, नाळ म्हटलं की दगड गडगडण्याची भीती आणि पावसाळ्यात पाण्याचा लोट. या जागी ‘समोरच्या पॉइंटवरून ट्रेलने वर जा’ असं सांगितलं, तर माणूस चुकेल. आणि सह्याद्रीत चुकणं महागात पडतं. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे वाट चुकलेल्या मुलांना शोधायला गावकऱ्यांना अंधारात डोंगरात शिरावं लागतं. जे शब्द ते वापरतात, ते आपल्याला ठाऊक असायला हवेत. मोबाईलची रेंज गेल्यावर तेच उपयोगी पडतात.

झाडांच्या गर्दीचे शब्दही नीट ऐकावेत. ‘अरण्य’वरून ‘रान’ झालं. सुरुवातीचा ‘अ’ गळाला, जसा ‘अरघट्ट’चा ‘रहाट’ होताना गळाला. अरण्याच्या मुळाशी ‘अरण’ आहे, दूरचं, परकं. मराठीने मात्र ते परकं रान जवळ आणलं. देशावरचा शेतकरी ‘रानात जातो’ म्हणजे शेतात जातो. रानमेवा, रानभाजी यांत ‘रान’ हे प्रेमाचं विशेषण आहे. ‘देवराई’तली ‘राई’ ही ‘राजी’, झाडांची रांग, ‘आमराई’तही तीच. देवाच्या नावाने राखलेल्या झाडांना हात लावायचा नाही, हा गावाचा नियम त्या शब्दानेच पिढ्यान्‌पिढ्या पाळून घेतला.

आणि ‘जंगल’. आज जंगल म्हटलं की दाट झाडी डोळ्यांसमोर येते. संस्कृतात मात्र ‘जांगल’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेद देशाचे तीन प्रकार करतो: पाणथळ तो आनूप, कोरडा आणि विरळ झाडांचा तो जांगल, आणि मधला साधारण. पुण्याच्या टेकड्या या जुन्या अर्थाने अगदी नेमक्या जांगल आहेत: मुरूम, गवत, मध्येच सालई, मोई, गणेर, पळस. पावसाळ्यात हिरव्या, मार्चमध्ये करड्या. याच जातीचा दुसरा शब्द ‘माळ’. मेघदूतात ‘माल’ हा शब्द उंचवट्यावरच्या शेतजमिनीसाठी आला आहे. आपण उंच, उघड्या, गवताळ पठाराला माळ म्हणतो. मळा पाण्याखालचा, माळ पावसावरचा. एका कान्याच्या जागेचा फरक, पण जमिनीचा स्वभावच निराळा.

हा स्वभाव विसरला गेला तिथे टेकड्यांचं नुकसान झालं. उघडी टेकडी ‘उजाड’ वाटली म्हणून तिच्यावर झपाट्याने वाढणारी झाडं लावली गेली. त्यांतलं एक गिरिपुष्प. हे नाव ऐकल्यावर हे झाड डोंगराचंच असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याचं शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया, म्हणजे लॅटिनमध्ये उंदीर मारणारं. ‘ग्लिरि’ची ‘गिरि’ झाली आणि फुलं सुंदर म्हणून ‘पुष्प’ जोडलं गेलं. मराठीत त्याला ‘उंदीरमारी’ही म्हणतात आणि ते नाव अधिक प्रामाणिक आहे. त्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही. गवत गेलं की त्यावर जगणारे कीटक जातात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात. एका गोड नावाने एका परदेशी झाडाला टेकडीचं नागरिकत्व दिलं, आणि माळावरचं मूळचं गवत बेवारस झालं.

म्हणून ‘टेकडी’ला ‘उद्यान’ म्हणताना मला काळजी वाटते. पुण्याच्या विकास आराखड्यात, शहरात समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ असं आरक्षण आहे. हेतू चांगला आहे: उतार बांधकामापासून वाचावेत. पण सर्वसामान्य माणसाच्या, ठेकेदाराच्या आणि अधिकाऱ्याच्या मनात उद्यान म्हणजे बाग. बाग म्हटली की पाणी हवं, हिरवळ हवी, फरशा, बाकं, दिवे, फाटक आणि कुंपण हवं. माळाला यातलं काही नको. त्याला पावसाचं पाणी पुरतं, रात्री अंधार हवा असतो, आणि वाट मळलेलीच बरी. फरशी घातली की पाणी तिच्यावरून वेगाने धावतं आणि कडेची माती धुऊन नेतं. ‘उद्यान’ शब्दाने आपला मूळ अर्थ जपला असता, बाहेर जाण्याची जागा एवढाच, तर ही अडचण आली नसती. तो अर्थ आता लोकांच्या मनातून गेलेला आहे, म्हणून टेकडीला टेकडीच म्हणावं. पर्वतीच्या पायथ्याशी बाग शोभते. वेताळाच्या माथ्यावर नाही.

बागांबद्दल माझ्या मनात जराही कमीपणाची भावना नाही. व्हीलचेअरवरच्या आजी, पाळण्याच्या वयाची मुलं, संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं यांना सपाट वाट, बाक आणि दिवा लागतो. हे सगळं बागेनेच द्यायचं आहे, आणि शहराच्या प्रत्येक वस्तीत अशी बाग असली पाहिजे. कुंपण हा दोष नाही. लहान मुलांना निर्धास्त खेळता यावं म्हणूनही ते लागतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या जागेचं जे नाव आहे ते तिच्या गरजाही सांगतं. बागेला पाणी घालावं, रमण्यात रमावं, माळावर फक्त चालावं, आणि देवराईत हात मागे बांधून उभं राहावं.

यासाठी करता येण्यासारखं एक काम आहे. प्रत्येक टेकडीच्या आणि गडाच्या पायथ्याशी पाट्या लागतातच. त्यांवर ‘व्ह्यू पॉइंट’ आणि ‘ट्रेल क्रमांक’ लिहिण्याआधी पायथ्याच्या गावातल्या जुन्या गुराख्यांना, सरपण आणणाऱ्या बायकांना बसवून विचारावं: या सोंडेला काय म्हणता, ही वाट कुठली, या ओढ्याचं नाव काय, या झाडाला काय म्हणता. ती नावं जशीच्या तशी, त्यांच्या उच्चारात लिहावीत. हे काम भाषातज्ज्ञांनीच करायला हवं असं नाही. शाळेच्या सहलीला आलेली मुलंही वही-पेन्सिल घेऊन करू शकतील. मराठीचा कोशकार मोल्सवर्थ याने एकोणिसाव्या शतकात हाच उद्योग केला, आणि त्याच्या कोशात त्या काळच्या बोलीतले कितीतरी शब्द वाचले. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नेही गावोगावचे शब्द गोळा केले. आता जे शब्द उरलेत, ते सांगणारी पिढी साठी-सत्तरीत आहे. टेकडी वाचवायची तर तिचा उतार, तिचं गवत आणि तिच्यावरच्या वाटा यांना नावाने ओळखणारी माणसं लागतील, आणि ती तयार करण्याचं काम याच वर्षी सुरू झालं पाहिजे.